किल्ल्याच्या पायथ्याशी भीम असू द्या

मा. संपादक,

दिवाळीत मुलांनी उभारलेले किल्ले बघत गल्लोगल्ली हिंडणं हा आम्हा बेळगावच्या शहापूर-वडगाव-अनगोळकरांचा वर्षाचा आनंद. यंदा आमच्या भागातल्या एका स्पर्धेत मुलांच्या राजगडाचे गुण कापले गेले. कारण काय, तर पायथ्याच्या गावात मावळ्यांशेजारी त्यांनी ‘छोटा भीम’ उभा केला होता! ‘इतिहासात कार्टून कशाला?’ असं परीक्षकांनी मुलांना तोंडावर सुनावलं. पोरं रडवेली झाली.

परीक्षकांनी ही मालिका बघितली नसावी. नातवंडांच्या संगतीनं मी ती भरपूर बघितली आहे. हैदराबादच्या राजीव चिलका यांच्या ग्रीन गोल्ड कंपनीनं बनवलेली, २००८ साली पोगो वाहिनीवर सुरू झालेली. धोतर नेसलेला हा नऊ वर्षांचा पोर लाडू खाल्ला की बलवान होतो, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण ते बळ तो खर्च कुठे करतो? ढोलकपूरवर संकट आलं की छुटकी, राजू आणि जग्गू माकडाला घेऊन राजा इंद्रवर्माच्या मदतीला जातो. कालिया सतत त्याच्याशी वाकड्यात शिरतो, ढोलू-भोलूला हाताशी धरून कुरापती काढतो, तरी तोच कालिया अडचणीत सापडला की भीम आधी धावतो. मारामारी जरा जास्तच असते हे मला मान्य. अगदी लहान मुलांना मालिका शेजारी बसून दाखवावी. पण कुस्तीचं वेड असलेल्या आपल्या या मुलखात खाऊन-पिऊन दणकट झालेला, दुबळ्यांच्या बाजूनं उभा राहणारा मुलगा परका का वाटावा?

आणि या मुलांनी इतिहासात कसूर केली नव्हती. पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तिन्ही माच्या, म्हणजे बालेकिल्ल्याखालच्या तटबंद सोंडा, जागच्या जागी होत्या. संजीवनीची दुहेरी तटबंदी ओल्या मातीतून उभी करताना ती दोनदा ढासळली, तरी त्यांनी पुन्हा रचली. गोणपाटावर पेरलेली मोहरी हिरवीगार उगवली होती. महाराज बालेकिल्ल्यावर सिंहासनावर होते, तिथे दुसरं कुणी नव्हतं. आपला आवडता दोस्त महाराजांच्या चाकरीत असावा असं त्या पोरांना वाटलं. यात महाराजांचा मान कमी झाला असं मला तरी कुठे दिसलं नाही.

मंडळांना माझी कळकळीची विनंती आहे. गुण द्यायचे ते माच्या, बुरूज, दरवाजे, पाण्याची टाकी बघून द्या. सिंहासनाभोवतीची मर्यादा जरूर पाळायला सांगा, मात्र पायथ्याचं गाव मुलांच्या मर्जीवर सोडा. परीक्षकांनी मुलांना दोन प्रश्न विचारावेत, तटबंदी दुहेरी का बांधली ते त्यांच्या तोंडून ऐकावं. जमलं तर बक्षीस म्हणून त्यांना येळ्ळूरचा राजहंसगड दाखवून आणावं. आमच्या गल्लीतल्या त्या पोरांचे कापलेले गुणही परत द्यावेत.

आपला,
एक वाचक, अनगोळ, बेळगाव