चिंगीची चिप वाचणार कोण?

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

घरातील लहानशा कुत्रीला ओळख पटवणारी मायक्रोचिप कातडीखाली बसवावी की नाही, हा प्रश्न खेड्यातल्या माणसाने वृत्तपत्राकडे लिहून पाठवण्याजोगा आहे का, असे काही वाचकांना वाटेल. कापसाचा भाव आणि सोयाबीनचा ओलावा सोडून हे काय नवीन, असे आमच्या पारावरही म्हणून झाले आहे. परंतु यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात आता घरोघरी नसली तरी गल्लोगल्ली पॉमेरियन दिसते, आणि आमच्यावर गेल्या वर्षी जो प्रसंग आला तो उद्या दुसऱ्या कोणावरही येऊ शकतो, म्हणून लिहितो आहे.

आमची चिंगी अडीच वर्षांची, पांढरी, वजनाने पावणेचार किलो. तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी गल्लीत डफडे आणि फटाके सुरू झाले, तेव्हा ती घाबरून कोठ्याच्या मागच्या बाजूने निघाली आणि पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या शेतात, शिरली. त्या दिवसांत पऱ्हाटी कमरेएवढी असते. तिच्यात बैल दिसत नाही, तिथे एवढेसे कुत्रे काय दिसणार? आमचा भाग बिबट्याचा असल्यामुळे दोन दिवसांनी घरातल्यांनी आशा सोडली होती. अकराव्या दिवशी ती नागपूर-हैदराबाद महामार्गावरील एका ढाब्यावर सापडली. ढाबेवाल्याचे म्हणणे असे, की एका ट्रकचालकाकडून त्याने ती दोन हजार रुपयांना विकत घेतली. त्याने तिचे नाव मोती ठेवले होते आणि बिस्किटाच्या लोभाने ती त्या नावालाही धावून जात होती, त्यामुळे आमची बाजू फारच लंगडी पडली. लसीचे कार्ड दाखवले, तर त्यावर ‘पांढरी, पॉमेरियन, मादी’ एवढेच लिहिलेले. ते वर्णन त्या महामार्गावरच्या निम्म्या पॉमेरियनना लागू पडेल. शेवटी उजव्या कानामागे उकळते दूध उडून झालेला, चण्याच्या डाळीएवढा बिनकेसांचा डाग माझ्या पत्नीने केस बाजूला सारून पोलीस पाटलांना दाखवला, तेव्हा कुठे चिंगी आमची ठरली.

तेव्हापासून पुण्याचा मुलगा चिपचा आग्रह धरून बसला आहे, आणि गावात मात्र चिपविषयी भलतेच समज आहेत. टिपेश्वरच्या जंगलातून निघालेला एक तरुण वाघ २०१९ मध्ये बुलडाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत चालत गेला आणि त्याच्या गळ्यातील रेडिओ कॉलरमुळे त्याची वाट वनखात्याला कळत राहिली, ही गोष्ट आमच्याकडे सर्वांना ठाऊक आहे. त्यामुळे चिप बसवली की कुत्रे कुठे आहे ते मोबाइलवर दिसते, असे लोकांनी धरून ठेवले आहे. वास्तविक चिपमध्ये बॅटरीच नसते. तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढी, सुमारे १२ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड अशी ती काचेची कुपी असते. तिच्यावर स्कॅनर अगदी जवळ धरला, की त्या स्कॅनरच्याच लहरींवर ती क्षणभर जागी होते आणि १५ अंकी क्रमांक सांगते. मालकाचे नाव किंवा गाव तिच्यात नसते. ते एखाद्या नोंदवहीत त्या क्रमांकापुढे लिहिलेले असावे लागते. म्हणजे चिपने चिंगी पऱ्हाटीतून शोधून दिली नसती. ढाब्यावर ती कोणाची, एवढेच सांगितले असते, आणि तेही तिथे कोणाकडे स्कॅनर असता तरच.

एवढ्याशा जिवाला सुई सोसेल का, ही पत्नीची शंका मला अधिक रास्त वाटली. चिपची सुई लसीच्या सुईपेक्षा बरीच जाड असते, हे खरे आहे. ती दोन खांद्यांच्या मध्ये, कातडी चिमटीत धरून टोचतात आणि काम काही सेकंदांचे असते. नागपूरच्या ज्या पशुवैद्यकांना आम्ही विचारले, त्यांनी सुचवले की नसबंदीसाठी भूल द्यायचीच आहे, तर चिपही त्याच वेळी बसवावी, म्हणजे वेगळी वेदना नाही. लहान कुत्र्यांसाठी थोडी बारीक चिपही मिळते. कोणतीही चिप क्वचित कातडीखाली सरकून खांद्याकडे जाते, म्हणून तपासणाऱ्याने स्कॅनर नुसत्या मानेवर न धरता पाठीवरून आणि दोन्ही बाजूंनी फिरवायला हवा. चिपजवळ गाठ झाल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत, परंतु ती फार दुर्मिळ आहेत. त्या भीतीने मागे हटावे असे मला वाटत नाही.

अडचण आमच्या तालुक्यांतील व्यवस्थेची आहे. गाई-बैलांच्या कानातील पिवळ्या बिल्ल्यावर १२ अंकी क्रमांक असतो; तो साध्या डोळ्यांनी वाचता येतो आणि त्याची नोंद शासनाच्या एकाच प्रणालीत होते. कुत्र्याची चिप डोळ्यांना दिसत नाही आणि तिच्या नोंदी चिप विकणाऱ्या कंपन्यांच्या किंवा त्या-त्या महानगरपालिकेच्या वेगवेगळ्या याद्यांत विखुरलेल्या आहेत. आमच्या जवळच्या दवाखान्यात मी स्कॅनरची चौकशी केली, तेव्हा तिथल्या सज्जन कर्मचाऱ्याने मला रक्तदाब मोजण्याचे यंत्र आणून दाखवले. त्यांचा दोष नाही. ढोरांच्या दवाखान्यात ती वस्तू कोणी मागितलीच नव्हती. ब्रिटनने ६ एप्रिल २०१६ पासून प्रत्येक कुत्र्याला चिप सक्तीची केली, ती स्कॅनर आणि नोंदवह्या हाताशी असताना. आपल्याकडे पैनगंगा ओलांडली की तेलंगण लागते. ट्रकमधून पलीकडे गेलेल्या कुत्र्याचा क्रमांक तिथे कोणी वाचलाच, तरी तो कोणत्या यादीत शोधायचा?

चिपचा एक उपयोग मात्र खेड्यातच जास्त आहे आणि त्याविषयी फारसे बोलले जात नाही. कुत्रे चावले की पहिला प्रश्न येतो तो त्याला रेबीजची लस दिली होती का, हा. आमच्याकडे त्या वेळी दुसऱ्याच कुत्र्याचे कार्ड पुढे करणारे महाभाग आहेत. कार्डावर चिपचा क्रमांक चिकटवलेला असेल, तर लस याच कुत्र्याला टोचली की नाही, हे ताडून पाहता येते. युरोपीय संघात कुत्रे नेताना आधी चिप आणि मग रेबीजची लस हा क्रम लावतात, तो याचसाठी. (चावलेल्या माणसाने मात्र कार्ड पाहत न बसता जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि तडक दवाखाना गाठावा.)

माझी पशुसंवर्धन विभागाला विनंती एवढीच आहे, की सक्तीच्या गोष्टी करण्याआधी प्रत्येक तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात एक स्कॅनर द्यावा आणि बैलांच्या बिल्ल्यासारखीच कुत्र्यांच्या चिपची एक सामाईक शासकीय नोंद ठेवावी. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय नागपुरातच आहे. विदर्भापुरती सुरुवात त्यांच्या मार्गदर्शनाने करता येईल. नोंदीतील फोन क्रमांक बदलण्याची सोय गावातच असावी, कारण आमच्याकडे रिचार्जची स्वस्त योजना दिसली की माणूस सिमकार्डच बदलतो.

आमच्यापुरता निर्णय झाला आहे. दिवाळीनंतर नागपूरला नसबंदी होईल, त्याच वेळी चिंगीला चिप बसेल. आज तिचा उपयोग थोडा आहे हे जाणून आम्ही ती बसवतो आहोत. पुन्हा कधी ढाब्यासारखा वाद उभा राहिला, तर नागपूरपर्यंत नेऊन का होईना, क्रमांक दाखवता येईल. तोपर्यंत आठवडी बाजारात भांड्यांवर नाव टाकून देणाऱ्या कारागिराकडून रुपयाएवढ्या पितळी चकतीवर दोन मोबाइल क्रमांक कोरून घेतले आहेत आणि ती चकती तिच्या पट्ट्याला अडकवली आहे. त्याने घेतले वीस रुपये, आणि चकती वाचायला यंत्र लागत नाही.

आपला,
एक सेवानिवृत्त शिक्षक
जि. यवतमाळ