जपानी शिकायला मध्ये इंग्रजी कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत जपानी भाषेतल्या नोकरीच्या संधींवर आलेला मजकूर वाचला. जपानीच्या परीक्षेतल्या एन-फाइव्ह या सगळ्यात सोप्या पायरीपासून एन-वन या सगळ्यात अवघड पायरीपर्यंतच्या पायऱ्या, जुलै-डिसेंबरच्या परीक्षा, सगळी माहिती नीट दिली आहे. मात्र इंग्रजी पक्कं असल्याशिवाय जपानीच्या वाटेला जाऊ नये, असा त्याचा एकूण सूर आहे. तो खटकला, म्हणून हे पत्र.

मी मूळची सांगलीची. शिक्षण एम. ए. मराठी. इंग्रजी बेताचं. लग्नानंतर पुण्यात तीन महिने जपानीचा क्लास केला आणि सप्टेंबर २०१९ मध्ये टोकियोच्या एदोगावा भागात, निशी-कासाईला आले. क्लासमध्ये सगळं इंग्रजीतून. 'त्सु'चा उच्चार सांगायलाही बाईंनी इंग्रजी 'त्सुनामी'चं उदाहरण घेतलं, ज्यातला 'त' इंग्रज बऱ्याचदा उच्चारतच नाहीत! चुलीतला 'चू' म्हणा, एवढं सांगितलं असतं तरी पुरलं असतं. वर्गातल्या तीसही जणांना चूल म्हणता येत होती.

इथे येऊन महिना होतो न होतो तोच ऑक्टोबरचं ते मोठं वादळ आलं. आमचा हा भाग दोन नद्यांच्या मधला, सखल. एदोगावाचा जवळजवळ ७० टक्के भूभाग भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. पालिकेने त्याच वर्षी घरोघर वाटलेल्या पूर-नकाशावर 'इथे थांबू नका' असं स्वतःच्याच हद्दीबद्दल छापलं होतं. त्या दिवशी भोंग्यावरून सूचना चालू होत्या आणि मला त्यातलं फक्त शेवटचं 'कुदासाई' कळत होतं. कृपया काहीतरी करा. काय करा, ते शेजारच्या बाईंनी दार वाजवून, हाताने जिना दाखवून सांगितलं. पाठ केलेले इंग्रजी तक्ते तेव्हा कुठे गेले होते कोण जाणे.

पुढे इथल्या स्वयंसेवकांच्या वर्गात जाऊ लागले. शिकवायला सत्तरीतल्या एक आजी, त्यांना इंग्रजीचा गंध नाही. भूकंपाच्या तयारीचा धडा चालला होता. त्यांनी पाण्याची बाटली टेबलावर आणून ठेवली आणि म्हणाल्या, 'मिझु ओ कात्ते ओइते कुदासाई.' 'कात्ते' म्हणजे विकत घेऊन. 'ओकु' म्हणजे ठेवणे. पाणी घेऊन ठेवा! पुण्याच्या वहीत याच रचनेपुढे 'डू इन अ‍ॅडव्हान्स' लिहून मी आठवडाभर डोकं खाजवलं होतं.

त्या रात्री वही उलटी केली आणि मागून मराठीत लिहायला घेतलं. 'तबेते मिरु': खाऊन बघणे, आणि 'मिरु' म्हणजे खरोखरच बघणे. 'वासुरेते शिमाउ': विसरून बसणे; 'शिमाउ'चा अर्थ आवरून ठेवणे असला, तरी 'बसणे'तली हळहळ त्यात तशीच येते. क्रियापद वाक्याच्या शेवटी, विभक्ती नामाच्या मागून, 'असं म्हणाला'सुद्धा बोलण्यानंतर. वाक्याच्या शेवटचा त्यांचा 'ने' म्हणजे तर आपला 'ना'च. अगदी 'च्योत्तो...' म्हणून अर्ध्यावर थांबणंही ओळखीचं निघालं. शब्दाचा अर्थ 'थोडंसं', पण ते आपलं 'बघू' आहे. काम होणार नाही, एवढं समजायचं.

वर्णमालेचीही तीच गोष्ट. अ, इ, उ, ए, ओ. मग क, स, त, न, ह, म, य, र, व. इंग्रजीतून शिकणाऱ्याला ही नुसती घोकंपट्टी. आपल्याला सांगायला हवं की 'स'ची ओळ 'च'च्या जागी आणि 'ह'ची 'प'च्या जागी आहे, कारण जुने उच्चार त्याच्या जवळचे होते. क, च, त, न, प, म! बौद्ध भिक्षूंनी संस्कृतसाठी सिद्धम् लिपी अभ्यासली, त्या अभ्यासातून हा क्रम आला. इथल्या स्मशानात थडग्यांमागे उभ्या केलेल्या लाकडी पट्ट्यांवर त्याच लिपीत ख, ह, र, व, अ असतात, पंचमहाभूतांची अक्षरं. आमच्या घराजवळच्या देवळात मी ती बोट धरून वाचली, तेव्हा पुजारी माझ्याकडे बघतच राहिले.

दाताच्या डॉक्टरांनी एकदा विचारलं, 'झुकिझुकि की चिकुचिकु?' मोबाइलने इंग्रजी शब्द दिला, तो मलाच कळेना. नर्सने मूठ उघडून-मिटून दाखवली. ठसठसतंय, अहो, ठसठसतंय! चिकुचिकु म्हणजे टोचल्यासारखं. असे नादाचे शब्द जपानीत ढिगाने आहेत, आणि आपल्याकडे काय कमी आहेत?

मराठी असली म्हणजे जपानी फुकट येते, असं मी म्हणत नाही. रोजच्या वापरातल्या २,१३६ कांजी अक्षरांपुढे, म्हणजे चिनीतून आलेल्या चित्रासारख्या अक्षरांपुढे, मराठीही हात टेकते. माझी अजून निम्मीसुद्धा झालेली नाहीत, आणि पालिकेचं पत्र आलं की शेजारीण लागतेच. पण व्याकरणाची वाट सांगलीहून सरळ होती. मी ती उगाच लंडनवरून केली.

पुण्या-मुंबईत जपानी शिकवणाऱ्यांना विनंती एवढीच की निदान पहिल्या दोन पायऱ्यांचं व्याकरण मराठीतून समजावणारा वर्ग आणि पुस्तक काढा. इंग्रजी कच्चं म्हणून दारातूनच परत फिरणारी किती मुलं आत येतील बघा. माझी वही ८० पानांची आहे. आमच्याच इमारतीत नगरहून नवीन आलेली एक मुलगी सध्या तिच्यावरून शिकते आहे. कुणाला उपयोग होणार असेल तर झेरॉक्स काढून पाठवीन. पत्ता सोबत आपल्याकडे दिला आहे. नाव मात्र छापू नये.

आपली,
एक वाचक, निशी-कासाई, टोकियो