पप्पांच्या पियानोचा बिघडलेला ए स्वर तसाच ठेवल्याबद्दल

दादा, तुम्ही वयाने माझ्या मुलाएवढे, तरी अहो-जाहोच करते. नाव लिहू नका म्हणालात, नाही लिहीत. आभार मात्र चारचौघांतच मानणार.

१९८८च्या नाताळाआधी पप्पांनी वसईच्या घरी वाजवलेलं ज्या कॅसेटवर आहे, ती घेऊन तुमच्याआधी मी दोन ठिकाणी जाऊन आले होते. मागणं एवढंच, की पियानो वाळवीनं खाल्ला, पण त्याचा आवाज माझ्या कीबोर्डमधून काढून मिळेल का? पहिल्यानं जेमतेम अर्धा मिनिट ऐकलं आणि कुठल्याशा मोठ्या ग्रँड पियानोचा चकचकीत आवाज लावून दिला. पैसे आधीच घेतले होते. दुसरा म्हणाला, "मॅडम, पियानो म्हणजे पियानो."

तुम्ही मोबाइल पालथा ठेवलात आणि कॅसेटच्या दोन्ही बाजू ऐकल्यात. मोठ्या कॉर्डनंतर आवाज दबतो आणि मग हळूहळू वर येतो, ती करामत पियानोची नाही, टेपरेकॉर्डरची, असं सांगितलंत. असे रेकॉर्डर आवाजाची पातळी आपणच कमीजास्त करायचे म्हणे. इतकी वर्षं मी त्याला पप्पांचा हात समजत होते!

पियानोटेक या सॉफ्टवेअरमध्ये आधी मुद्रित केलेले स्वर नसतात; तार, हातोडी, साउंडबोर्ड यांचं गणित करून आवाज तिथल्या तिथे तयार होतो, हेही तुमच्याकडूनच कळलं. म्हणूनच आपटून आपटून कडक झालेल्या हातोड्यांचा तो पत्र्यासारखा टणका सापडला. कॅसेटवरचा ए ४४० हर्ट्झऐवजी ४३४ला येत होता, तर सगळं ट्यूनिंग तिथं उतरवलंत. बाकी काय काय सरकवलंत ते तुमचं तुम्हाला ठाऊक.

पण खरे आभार त्या रात्री पावणेबाराच्या मेसेजचे. "मधल्या सीच्या वरचा ए. तीनपैकी एक तार उतरलीये, स्वर हेलकावतो. मी तो दुरुस्त करत नाहीये, चालेल ना?"

किती वेळा वाचला असेल मी तो! दुरुस्त करणं तुम्हाला सोपं होतं, आणि केलं असतंत तर मला कळलंही नसतं. दुसऱ्याच्या घरातल्या वस्तूला हात लावण्याआधी विचारणारी माणसं आता फार भेटत नाहीत. आमच्याकडे रंगारीसुद्धा न विचारता क्रूसाच्या खिळ्यावर रंग मारून जातो.

रविवारी मिस्साहून आल्यावर आईला न सांगता वाजवायला बसले. ती स्वयंपाकघरात बोंबील साफ करत होती. तो ए आला, तसा आतून आवाज आला, "त्या ट्यूनरला अजून बोलावलं नाही का गं?"

पैसे घेतले नाहीत, म्हणून सुकेळी पाठवते आहे. ती परत करायची नाहीत.