आधी लाइन बघा, मग राउटर घ्या: दादांना आभाराचं पत्र

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. जर्मनीत नव्याने बिऱ्हाड मांडणाऱ्या मराठी कुटुंबांना डीएसएलच्या, म्हणजे टेलिफोनच्या तांब्याच्या तारेतून येणाऱ्या इंटरनेटच्या, बाबतीत तुम्ही जो आधार दिलात, त्याबद्दल सगळ्यांच्या वतीने मनापासून आभार.

‘कोणता राउटर घेऊ?’ असं विचारलं की तुमचा उलट प्रश्न ठरलेला: करार किती मेगाबिटचा? १०० पर्यंत व्हीडीएसएलचं, म्हणजे वेगवान डीएसएलचं, १७ए प्रोफाइल (लहरींचा ठरलेला पट्टा) पुरतं. १७५ किंवा २५० हवं तर ३५बी, म्हणजे सुपरव्हेक्टरिंग हे आणखी वेगवान प्रोफाइल, येणारा मोडेम (तारेतला सिग्नल उलगडणारा भाग, बहुधा राउटरमध्येच असतो) लागतो. जुन्या बाजारात फ्रिट्झबॉक्स या जर्मन राउटरचं ७४९० मॉडेल स्वस्तात मिळतं, यंत्रही दणकट. पण त्याला ३५बी येत नाही, त्यामुळे २५० चे पैसे भरूनही वेग १०० च्या आसपास अडकतो. ७५३० किंवा ७५९० घ्या, हा तुमचा सल्ला अनेकांच्या कामी आला. ६६६० किंवा ६५९० दिसला तर हात लावू नका, ते टीव्ही केबलचे, हेही तुम्हीच बजावलंत. शिवाय १ ऑगस्ट २०१६ पासून स्वतःचा राउटर लावायचा हक्क कायद्यानेच आहे. कंपनीचा भाड्याने घ्यायची सक्ती नाही, हे कितीतरी जणांना तुमच्याकडूनच कळलं.

सर्वांत मोलाची शिकवण मात्र भिंतीतल्या तारेची. ३५बी ३५ मेगाहर्ट्झपर्यंतच्या लहरी वापरतं आणि इतक्या वरच्या लहरी तांब्यात झपाट्याने विरतात. म्हणून रस्त्यावरच्या करड्या पेटीपासून, जिथून घरोघरी तारा जातात तिथून, घर लांब असेल तर महागड्या राउटरनेही फरक पडत नाही. घरात पहिल्या टीएई सॉकेटच्या (भिंतीतल्या जर्मन टेलिफोन सॉकेटच्या) १ आणि २ नंबरच्या स्क्रूंवर दुसऱ्या खोलीची तारही जोडलेली असेल, तर सिग्नल त्या मोकळ्या टोकावर आपटून परत येतो. राउटरमधल्या स्पेक्ट्रमच्या आलेखात तिथे खड्डे दिसतात. ती तार तंत्रज्ञाकडून काढून घ्यायची, जुना स्प्लिटरही (फोन आणि इंटरनेट वेगळं करणारी डबी) काढायचा आणि मोडेम थेट पहिल्या टीएईच्या ‘एफ’ खाचेत लावायचा. राउटर दुसऱ्या खोलीत हवा असेल तर टेलिफोनची चपटी, पीळ नसलेली वायर लांबवू नका; मोडेम सॉकेटपाशीच ठेवून पुढे कॅट ५ई लॅन केबल ओढा.

मोडेम आणि राउटर वेगळे घेणाऱ्यांना तुम्ही सांगितलेली खूण: डॉइश टेलिकॉम कंपनीच्या लाइनवर व्हीलॅन ७ (डेटावर लावायचा ठरावीक क्रमांक) दोघांपैकी एकाच ठिकाणी टाकायचा. दोन्हीकडे टाकला तर डीएसएलचा दिवा स्थिर राहतो, पण पीपीपीओई, म्हणजे कंपनीकडे होणारं लॉगिन, काही जुळत नाही.

आणि रोज रात्री राउटर बंद करायची आपली सवय! लाइन वारंवार तुटते, असा समज होऊन कंपनीकडची यंत्रणा वेग उतरवू शकते, हे तुम्ही प्रत्येकाला न कंटाळता समजावलंत. त्या चिकाटीबद्दल तर विशेष आभार.

आपली,
जर्मनीतली मराठी मंडळी