भाड्याने देण्यासाठी घर घेण्याआधी

पुणे

प्रिय अनंत,
सप्रेम नमस्कार.

निवृत्तीच्या पैशातून, आणि कमी पडले तर कर्ज काढून, नागपूर आणि बेंगळुरू येथे एकेक फ्लॅट घेऊन ते भाड्याने द्यावेत, हा तुझा विचार पत्रातून कळल्यापासून मनाला स्वस्थता नाही, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

आधी हिशेब पाहा. वाकडचा माझा फ्लॅट ७० लाखांना पडला आणि त्याचे भाडे महिना २० हजार येते. परंतु ११ महिन्यांनी भाडेकरू बदलला की महिनाभर घर रिकामे राहते, दलालाला एका महिन्याचे भाडे जाते, आणि त्यात सोसायटीच्या मेंटेनन्सचे ३६ हजार व महापालिकेच्या कराचे १४ हजार वजा केले की वर्षाला दीड लाख रुपये हाती उरतात, म्हणजे शेकडा सव्वादोनसुद्धा नाहीत. तेव्हा कर्ज काढून दुसरा फ्लॅट घेण्याचा विचार तू कृपा करून सोडून दे.

नागपूरचा माझा अनुभव तुला पूर्ण सांगितला नव्हता. पुण्याच्या निम्म्या पैशात ऐसपैस घर मिळते म्हणून मिहानच्या बाजूला मी फ्लॅट घेतला आणि भाडेकरूही सज्जन मिळाले. त्यांनी खिडकीत कूलर बसवला, आणि एप्रिलपासून त्याच्या टाकीचे पाणी थेंबथेंब भिंतीत मुरत राहिले. जुलैत खालच्या मजल्यावरून फोन आला, तेव्हा मी रात्रीच्या गाडीने निघालो. खिडकीखालचे प्लास्टर बोटाने दाबले की ओल्या वाळूसारखे हातात येत होते आणि ओल स्विचबोर्डापर्यंत चढली होती. महिन्यातून एकदा कोणी आपले माणूस डोकावून गेले असते, तर टाकीची गळती बंद करून काम भागले असते. मला मात्र त्या दुरुस्तीत सात महिन्यांचे भाडे घालवावे लागले. भाडेकरूंना मी दोष देत नाही, कारण घर माझे होते आणि मी साडेसातशे किलोमीटरांवर बसलो होतो.

म्हणूनच माझे स्पष्ट मत आहे की नागपूरचा नाद सोड. बेंगळुरूला तुझी लेक आहे, तिच्या घरापासून अर्ध्या तासाच्या आत मिळाला तरच तिथे फ्लॅट घे. इमारतीला कावेरी नदीचे नळाचे पाणी आहे की सगळी भिस्त बोअरवेलवर आहे, हे भाव विचारण्याआधी विचार. २०२४ च्या उन्हाळ्यात बोअरवेल आटल्या, तेव्हा टँकरवर दिवस काढणाऱ्या रहिवाशांचे फार हाल झाले. तिथे अनामत मोठी घेण्याची पद्धत आहे, पण ती रक्कम भाडेकरूची आहे, हे लक्षात ठेवून बँकेत वेगळी ठेव.

आणि एक गोष्ट, जिची मला खरी काळजी वाटते. कोल्हापूरच्या घराचा वरचा मजला तू तोंडी बोलीवर दिला आहेस. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे ११ महिन्यांचा करारसुद्धा लेखी करून नोंदवावा लागतो आणि ती जबाबदारी घरमालकाची असते. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरू सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. आज तुमचे संबंध घरच्यासारखे आहेत, म्हणूनच आत्ता करार करणे सोपे आहे. हल्ली आधार कार्ड आणि अंगठ्याच्या ठशावर ही नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते.

ते काम आधी उरक आणि मला फोन कर. मग फ्लॅट पाहायला बेंगळुरूला मीही तुझ्याबरोबर येतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीधर