स्फटिकांचा प्रकल्प दिवाळीनंतर द्या

महोदय,

पहिल्या सत्रात, म्हणजे ऐन जुलै-ऑगस्टमध्ये, मुलांना ‘घरी मिठाचे स्फटिक तयार करा’ असा प्रकल्प देणाऱ्या ठाणे-नवी मुंबईतल्या शाळांना एक विनंती आहे: तो दिवाळीनंतर द्या. मीठ गार आणि उकळत्या पाण्यात जवळजवळ सारखंच विरघळतं. 100 मिलिलिटर पाण्यात एरवी 36 ग्रॅम, उकळत्या पाण्यात 39. म्हणजे द्रावण निवल्यावर सुटतं ते जेमतेम तीन ग्रॅम. बाकीचं मीठ हवं तर पाणी उडायला हवं. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ उलट हवेतलंच पाणी ओढतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ती बहुतेक दिवस त्याहून जास्त असते. खाडीकाठची मिठागरं पावसात उगाच बंद नसतात. मूल मात्र पंधरा दिवस बशीत डोकावत राहतं आणि आपलंच काही चुकलं असं धरून चालतं.

मिठाऐवजी तुरटी घ्यावी. ती 30 अंशांना 100 मिलिलिटरमध्ये साधारण 16-17 ग्रॅम विरघळते आणि 60 अंशांना त्याच्या तिपटीहून जास्त, त्यामुळे नुसतं निववूनही स्फटिक मिळतात. खडा काचेसारखा पारदर्शक हवा. पाणी निवळायला मिळणारी पांढरट लादी बहुधा साधं ॲल्युमिनियम सल्फेट असते. तिच्यातून आठ त्रिकोणी बाजूंचा तो देखणा स्फटिक निघत नाही.

200 मिलिलिटर पिण्याचं पाणी मोठ्या माणसाने गरम करावं, उकळू नये. त्यात 40 ग्रॅम तुरटीची पूड विरघळवून द्रावण जुन्या सुती रुमालाच्या चार पदरांतून गाळावं. थोडं पसरट बशीत ओतून कागदाने झाकलं की एक-दोन दिवसांत तळाला तांदळाएवढे दाणे दिसतात. त्यातला एकटा वाढलेला, कडा नीट असलेला दाणा ‘बी’ म्हणून निवडावा आणि मासे धरायच्या बारीक तंगुसाला बांधावा. सुती दोरा नको, त्याच्या प्रत्येक तंतूवर नवे दाणे धरतात. बांधायला दाणा फारच बारीक असेल तर बशीत आणखी दोन दिवस राहू द्यावा.

प्रकल्प फसतो तो बहुतेक वेळा पुढच्या पायरीला. उरलेलं द्रावण बरणीत रात्रभर ठेवावं, तळाशी जमलेली तुरटी मागे ठेवून वरचं निवळ पाणी दुसऱ्या बरणीत काढावं आणि मगच बी सोडावं. घाईने कोमट द्रावणात सोडलं तर बी विरघळून जातं आणि सकाळी रिकामा तंगूस लोंबत असतो. उलट द्रावण फार दाट असेल तर बी झपाट्याने वाढतं, पण आत पाणी अडकून दुधाळ होतं. बी मधोमध लोंबावं, तळाला किंवा काचेला टेकू नये. तोंडावर घट्ट झाकण नको. कागद आणि रबरबँड पुरे.

फ्लॅटमधला मोठा शत्रू एसी. रात्री खोली गार झाली की तळाशी दाण्यांचा थर बसतो, दुपारी तापली की स्फटिकाच्या कडा झिजतात. बरणी एसी नसलेल्या खोलीत, खिडकीपासून लांब, थर्माकोलच्या खोक्यात ठेवावी. चार-पाच दिवसांनी स्फटिक बाहेर काढून तळाचे दाणे गरम करून विरघळवावेत, द्रावण पूर्ण निवू द्यावं, जास्तीचे दाणे पुन्हा काढावेत आणि स्फटिक परत सोडावा. असं तीन-चार आठवडे केलं तर सुपारीएवढा होतो. पावसाळ्यात बी तयार होईल, पण पुढची वाढ रडतखडत चालते. काढल्यावर धुऊ नये, टिपकागदाने टिपावा. उघडा राहिला तर पाणी गमावून पांढरा पडतो, म्हणून रंगहीन नेलपॉलिशचा हात द्यावा.

निळा रंग हवा म्हणून मोरचूद मागवणं मात्र सातवीपर्यंत तरी थांबवावं. तो पोटात गेला तर विषारी आहे, आणि सिंकमधून खाडीत गेला तर माशांना घातक. वरच्या वर्गांत प्रयोगशाळेत, शिक्षकांसमोर, हातमोजे आणि चष्मा घालून करावा. स्वयंपाकघरातलं भांडं त्याला कधीही वापरू नये. खडीसाखरही घरी होते, पण उकळता पाक मुलांच्या हाती देता येत नाही आणि मुंग्या आधी पोचतात. (पाकाची साखर होऊ नये म्हणून आपण त्यात लिंबू पिळतो, हे मुलांना जरूर सांगावं.)

गुण देताना स्फटिकाचा आकार मोजू नये. मोठा स्फटिक विकतही आणता येतो. तारीख, खोलीचं तापमान, त्या दिवशी काय बदललं आणि काय बिघडलं, ही वही तपासावी.

– दोन विज्ञान शिक्षक, कोपरी, ठाणे (पूर्व)