तळ्यातली बदकं

एडिसन, न्यू जर्सी

प्रिय बंड्या,

गुडघा आहे तसाच, शुगर ताब्यात. तब्येतीचं एवढं पुरे. आता मुद्द्याचं, कारण हे तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही.

शनिवारी रेवाची बेसबॉलची मॅच होती. बाईसाहेब पार सीमेजवळ गवतात उभ्या. चेंडू उंच उडाला, थेट तिच्याकडे आला, आणि ही हात वर करायचे सोडून मोठ्यांदा ओरडली, "कॅन ऑफ कॉर्न!" चेंडू शेजारी पडला. आईबापांत हशा पिकला. आमच्या जावईबापूंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

हे सगळं पुस्तकांनी केलंय. इथल्या लायब्ररीत मुलांसाठी बेसबॉलच्या चित्रपुस्तकांची अख्खी फळी आहे. तू ग्रंथपाल म्हणून सांगतो, ड्युईच्या पुस्तक-वर्गीकरणात बेसबॉल ७९६.३५७ आणि क्रिकेट ७९६.३५८, भिंतीला भिंत लागून! पण इथे शेजाऱ्याचं घर रिकामं.

तिचं लाडकं पुस्तक आहे खेळाडूंच्या बोलीचं. शब्द जसाच्या तसा धरून चित्र काढायचं आणि खरा अर्थ खाली बारीक अक्षरात. बेसवर आपले गडी उभे असले की 'तळ्यात बदकं', म्हणून चित्रात बेसवर हेल्मेट घातलेली बदकं. फटका जमिनीलगत सरपटत गेला की 'वर्म बर्नर'. त्या पानावर गांडुळं शेपट्या विझवत पळताहेत. एका मॅचमध्ये चारदा स्ट्राइकआउट, म्हणजे तीन संधी हुकून बाद, झालास तर 'गोल्डन सोम्ब्रेरो', तिथं माणूस दिसतच नाही, नुसती टोपी. आणि कॅन ऑफ कॉर्न म्हणजे आरामात यावा असा उंच झेल. जुना वाणी वरच्या फळीवरचा मक्याचा डबा काठीनं ढकलायचा आणि ॲप्रनमध्ये झेलायचा, त्यावरून आलं म्हणतात. आपल्या गुळवण्यांनी असा डबा पाडला असता तर गिऱ्हाइकाच्या टाळक्यातच.

पोरीला हे सगळं तोंडपाठ. बॅट मात्र चेंडूला लागत नाही. जावई म्हणतात, पुस्तकं बंद, रोज नेटमध्ये सराव. लेक म्हणते, नावच काढून टाकू. मी त्यांना सुनावलं, की याच राज्यात होबोकनची मारिया पेपे १९७२ मध्ये लिटल लीगच्या, म्हणजे मुलांच्या बेसबॉलच्या, संघात खेळली, मुलगी म्हणून तिला बाहेर काढलं, कोर्टकज्जा झाला, तेव्हा कुठे १९७४ पासून मुलींना दार उघडलं. जावई शांतपणे म्हणाले, "बाबा, ती पिचर होती. तिला चेंडू दिसायचा."

आता खरं बोलतो. रेवा बाकावर बसून शेजारच्या पोरांना मॅच सांगत असते, ते ऐकताना मला शाळेचं कंपाउंड आठवतं. संघात आपल्याला कोण घेत होतं? आपण डालड्याचा डबा तोंडाशी धरून क्रिकेटचे मराठी समालोचक बाळ पंडित व्हायचो. 'त्रिफळा उडाला' पहिल्यांदा मीच म्हणालो होतो, तू कितीही नाकारलंस तरी. माझ्या लेखी ती नुसती मजा होती. पण मिरजेहून परतताना, त्या रात्री एसटीत, तू एकदम म्हणालास, "श्री, एकदा तरी बॅट हातात द्यायला हवी होती रे त्यांनी." मी चेष्टेवारी नेलं. तूही पुढं कधी विषय काढला नाहीस.

तेव्हा सांग, पोरीला बोलत ठेवू की खेळवू? तिला विचारलं तर म्हणते, दोन्ही. वर मलाच विचारते, क्रिकेटमध्ये शून्यावर आउट झालं की बदक, मग इथली बदकं चांगली कशी? काय सांगणार, कप्पाळ!

वहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? प्रसादच्या फ्लॅटचा ताबा मिळाला की अजून बिल्डरच्या दारात? आणि नदीचं पाणी यंदा कुठवर आलं तेही कळव.

फोन करू नकोस, फोनवर तू नुसता ओरडतोस. लिही. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस, एसटीत बोललास तसं लिही. पुढच्या शनिवारच्या आत आलं तर उपकार होतील, जावयांनी बॅट विकत आणली आहे.

तुझा,
श्री